हरवलेले साडेतीन किलोमीटर

१

देवाजीचं पुंजनं गुरुवारी दुपारी अडीचला पेटलं आणि चार वाजेपर्यंत त्याची राख झाली. तीन एकरांचं धान कापून, पेंढ्या बांधून खळ्यावर गोल रचून ठेवलेलं होतं. देवाजीनं आधी पुंजन्याजवळ बांधलेला एक बैल सोडला, मग दुसऱ्यासाठी परत आगीत गेला. दोन्ही बैल वाचले. देवाजी भंडाऱ्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.

जाण्याआधी पोलिसानं त्याला विचारलं होतं, आग कशानं लागली. देवाजी म्हणाला, "बिडी होती, साहेब. माह्याच हातची."

मेलेल्या माणसाची स्वतःची कबुली. त्यापुढे कोण काय बोलणार? आमच्या एकोडी गावात कोणी बोललंही नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको रुखमिणी माझ्या ओसरीवर आली. मी श्यामराव. तालुक्याच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मोटर मेकॅनिक शिकवलं आणि निवृत्त झालो. गावात कोणाचा पंप जळाला की मोटर माझ्याकडे येते. मी ती उघडतो आणि का जळाली ते सांगतो. दुरुस्तीला ती दुसरीकडेच न्यावी लागते, म्हणून लोक माझ्यामागे हसतात, पण कारण विचारायला माझ्याकडेच येतात.

रुखमिणी वहिनींनी पदराखालून एक पत्र्याची डबी काढली. काळी ठिक्कर, झाकण उष्णतेनं बसून गेलेलं.

"राखेत सापडली," त्या म्हणाल्या. "त्यायची बिडीची डबी. लोक म्हणतात, डबी हाये म्हणजे बिडी होती. अन् ते सोतःच बोलले. पण मास्तर, दोन वर्सं झाले, उर्वशीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती त्यायनं. पोरीले दमा हाये ना."

उर्वशी म्हणजे त्यांची नात, त्यांचा मुलगा मंगेश याची मुलगी, पाचवीत आहे.

"पोरगी आजाच्या फोटोकडं पाहत नाई. म्हणते, आबा खोटं बोलले. हार घालाले गेली नाई, तेरवीले जेवली नाई." वहिनींनी डबी माझ्यापुढे सरकवली. "तुमी जळालेली वस्तू पाहून सांगता ना? मंग मले एवढंच सांगा. माह्या माणसानं शपथ मोडली का नाई?"

"दवाखान्यात आणखी काय बोलला तो?"

"डोळे उघडले तं पयले इचारलं, मंगेशची गाडी घरी लागली काय. मी हो म्हटलं. मंग पोलीस आला, त्याले बिडीचं सांगतलं. मंग काई बोललेच नाई."

मंगेश सात सीटची पेट्रोल व्हॅन चालवतो. सकाळ-संध्याकाळ शाळेची मुलं, मधल्या वेळात लाखनीच्या सवाऱ्या. मरताना बापाला मुलाची काळजी वाटली, यात मला काही विशेष वाटलं नाही. माझी पहिली चूक तिथेच झाली.

२

देवाजीचं खळं सडक आणि तलावाची पाळ यांच्या मधे आहे. शेजारचं शेत प्रफुल्लचं. दोघांचं धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून, सात वर्षं भांडण होतं, आणि पावसाळ्यात प्रफुल्ल चार लोकांसमोर म्हणाला होता की तुह्या पुंजन्याले काडी लावीन. संशय घ्यायला माणूस अगदी तयार होता.

मी खळ्यावर पोचलो तेव्हा तो धुऱ्यावरच बसला होता. मला पाहून उठला नाही.

"आले काय जासूस बनून? इचारा. सारं गाव मनातल्या मनात इचारून राहिलं, तुमी तोंडानं इचारा."

"लावली का तू काडी?"

त्यानं दोन्ही तळहात माझ्यापुढे केले. कातडी सोलून गुलाबी झाली होती. "पयला मीच धावलो जी. बुढा आत, मी बाहेर, मधात आग. हात घातला तं पेंढीच हातात आली, बुढा नाई आला." त्यानं हात मागे घेतले. "सात वर्सं भांडलो. आता धुऱ्यावर येतो तं भांडाले कोणी नाई. लय खराब लागते, मास्तर."

या माणसानं काडी लावली नाही, हे मला तेव्हाच पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे, असं मीच पोरांना शिकवत आलो. म्हणून पुढचं विचारलं.

"धूर पहिला कुठून निघाला?"

"सडकेच्या अंगानं. अगदी खालून."

"आणि देवाजीची खाट?"

"तिकडं, पाळीकडं, मोहाच्या झाडाखाली. अंगातली बंडी, डबी सारं खाटेवरच असे."

मी पावलं मोजली. खाटेच्या जळक्या पायांपासून सडकेच्या बाजूपर्यंत तेवीस पावलं, आणि मधे पुंजनं. आग पुंजनं खाऊन मग खाटेपर्यंत आली, उलट नव्हे.

"वारा होता?"

"पान हालत नोतं."

तेवीस पावलांवर, पुंजन्याला वळसा घालून बिडी काही चालत जात नाही. देवाजी पोलिसाशी खोटं बोलला होता. का?

मी निघालो तेव्हा प्रफुल्ल मागून म्हणाला, "आगीच्या अर्धा घंटा पयले कोणी पोट्टे फटाके फोडून राहिले होते. दोन-तीन आवाज झाले. म्या म्हटलं, दिवाळीचे उरले असतील."

मी थांबलो. गुरुवारी दुपारी दोन वाजता गावातली सगळी पोट्टी शाळेत असतात.

३

डबी मी करवतीनं कापली. आत तंबाखूची राख नव्हती, बिडीचा दोराही नव्हता. तळाला एक काळा, चकचकीत, दगडासारखा गोळा चिकटला होता. कोपरा फोडून जिभेला लावला. कडू लागला, आणि त्या कडूमागे गोड.

तो घेऊन मी देवाजीच्या घरी गेलो. वहिनींनी गोळा हातात घेतला, वास घेतला आणि खालीच बसल्या.

"साखरफुटाणे," त्या म्हणाल्या. "उर्वशीसाठी ठेवत. बिडीची डबी रिकामी झाली तं त्यातच."

उर्वशी खांबाला टेकून गृहपाठ करत होती. तिनं मान वर केली.

"मंग दवाखान्यात बिडी काहून म्हणले?"

नेमका प्रश्न तिनंच विचारला. मोठी माणसं करतात तेच मी केलं, विषय बदलला. तिची वही ओढली आणि म्हटलं, "काय करून राहिली, दाखव."

"मले भागाकार येत नाई," ती फुरंगटून म्हणाली. "बाबा म्हणते."

मंगेशनं तिला एक चांगली सवय लावली होती. गाडीत पेट्रोल भरलं की तो मागच्या भरण्यापासून किती किलोमीटर झाले आणि आता किती लिटर मावलं ते सांगायचा, आणि उर्वशी भागाकार करून ॲव्हरेज काढायची. वहीच्या मागच्या पानांवर सहा महिन्यांचे भागाकार होते. सोळा पूर्णांक एक. पंधरा पूर्णांक नऊ. सोळा. सोळा पूर्णांक दोन. मग एकदम बारा पूर्णांक सहा. बारा पूर्णांक चार. बारा पूर्णांक पाच. या शेवटच्या तिन्हींवर मंगेशनं लाल फुली मारली होती.

मी तिन्ही भागाकार पुन्हा केले. तिन्ही बरोबर होते.

"हे कधीचे?"

"दिवाळीनंतरचे."

दिवाळीनंतर ही गाडी दर लिटरमागे साडेतीन किलोमीटर हरवत होती. टाकी गळत असती तर अंगणात वास आला असता. पेट्रोल भरलं जात होतं, संपत होतं, आणि चाकांपर्यंत पोचत नव्हतं. मग जात कुठे होतं?

तेवढ्यात मंगेशची व्हॅन गल्लीच्या वळणावर आली. त्यानं वेग कमी करायला पाय काढला आणि मागच्या नळीतून आवाज आला, फट्. मग पुन्हा एकदा, फट्.

वहिनी चहाचं पाहायला आत गेल्या. माझ्या हातातली पेन्सिल तिथेच थांबली.

४

माझा संशय खोटा ठरावा, असं मला त्या क्षणी फार वाटलं. आणि तशी सोय समोरच होती. मंगेशनं मोबाईलवर पीयूसीचं प्रमाणपत्र दाखवलं, दिवाळीनंतर आठ दिवसांनी काढलेलं. धुरातला कार्बन मोनॉक्साईड शून्य पूर्णांक एक-चार टक्के. मर्यादा शून्य पूर्णांक तीनची. म्हणजे गाडी निर्मळ होती.

पण ज्या इंजिनात एवढं पेट्रोल वाया जातं, त्याचा धूर निर्मळ असूच शकत नाही. एकीकडे यंत्राचा कागद, दुसरीकडे पाचवीतल्या मुलीची वही. दोन्हीतलं एक खोटं होतं.

"उद्या मले लाखनीले ने," मी मंगेशला म्हटलं. "ॲव्हरेज काहून पडलं ते पाहू."

"लय बरं होईल जी," तो म्हणाला. त्याचे डोळे पंधरा दिवसांच्या रडण्यानं सुजलेले होते. तो माझे आभार मानत होता आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

गाडीत बसल्यावर मला दिसलं, समोरच्या काट्यांच्या काचेवर एक लाल टिकली चिकटवली होती. मी ती नखानं काढली. खाली इंजिनचा पिवळा दिवा जळत होता.

"डोळ्यात खुपे," मंगेश ओशाळून म्हणाला. "गॅरेजवाला विक्की म्हणे, पाइप बदलला की लागतेच, काई होत नाई. मंग उर्वशीच्या मायची, चंद्रकलाची, टिकली लावली."

लाखनीला हायवेच्या कडेला रिताचं पीयूसी सेंटर आहे. मंगेशला मी चहाच्या टपरीवर पाठवलं आणि रिताला म्हटलं, "यंत्राची नळी आत घाल. पूर्ण आत. आणि मी पाहीन."

यंत्रावर आकडे चढत गेले आणि चार पूर्णांक दोनवर थांबले. रिताचा चेहरा उतरला.

"मागच्या वेळी शून्य पूर्णांक एक-चार कसं आलं?"

"सर, लायनीत बारा गाड्या होत्या. मंगेशभाऊचे पोट्टे शाळेत वाट पाहून राहिले होते. फोटो त्यायच्या नंबरचा काढला, नळी मागच्या नव्या कारमधेच होती." ती हळू बोलली. "ओळखीचे हायेत. म्हटलं, त्यायची गाडी का खराब राहील?"

तिनं काही जास्तीचं घेतलं नव्हतं. उपकार म्हणून केलं होतं. त्या दिवशी नळी योग्य गाडीत गेली असती, तर गाडी नापास झाली असती, आणि देवाजी आज धुऱ्यावर भांडत असता.

मग विक्कीचं गॅरेज. विक्की माझा विद्यार्थी, शेवटच्या तुकडीतला. पाया पडला, स्टूल पुसून दिलं. गाडी वर चढवली तेव्हा सगळं उघडंच होतं. धूर साफ करणारी जाळी कापून काढलेली, तिच्या जागी सरळ पाइप. वरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच गायब. आणि जोडाच्या वेल्डिंगला, सेन्सरच्या अगदी जवळ, केसाएवढी फट.

ती फट पाहून मला हरवलेले किलोमीटर सापडले. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची. सेन्सरला वाटायचं, इंजिनात हवा फार आणि पेट्रोल कमी. तो आणखी पेट्रोल मागायचा, आणि गाडीचा कॉम्प्युटर बिचारा देत राहायचा. ते जास्तीचं पेट्रोल इंजिनात जळायचं नाही. नळीत येऊन जळायचं. पाय काढला की फट् आवाज, आणि मागून ठिणगी.

"आवाजासाठी केलं हे?" मी विचारलं.

"नाई सर. मंगेशभाऊले आवाज नोता पायजे. ॲव्हरेज पायजे होतं. आतापरेंत नऊ गाड्या केल्या म्या."

"पाइप मोकळा केला की ॲव्हरेज वाढतं, असं तुला कोणत्या गाढवानं सांगितलं?"

विक्कीनं हातातला पाना खाली ठेवला.

"तुमीच, सर," तो म्हणाला. "सायलेन्सर मोकळा, इंजिनचा श्वास मोकळा, पेट्रोल कमी. वहीत लिहून देल्लं होतं तुमी."

५

हो, मीच दिलं होतं. जुन्या स्कूटरचा सायलेन्सर काजळीनं बुजायचा. आम्ही त्यात तणस, भाताचा पेंढा, कोंबून पेटवायचो, काजळी जाळून नळी मोकळी करायचो, आणि गाडी खरोखर जास्त चालायची. अठ्ठावीस वर्षं ते वाक्य खरं होतं. मग सेन्सरवाली, जाळीवाली इंजिनं आली. त्यांचा धडा पुस्तकात होता. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि मला तो नीट समजला नव्हता. "हे घरी वाचून घ्या," असं म्हणून मी तो सोडला. एकोडीतलं पुंजनं का जळालं हे शोधत मी निघालो होतो, आणि माझ्याच फळ्यापाशी येऊन पोचलो.

परत येताना देवाजीच्या खळ्याजवळ मी मंगेशला गाडी थांबवायला लावली.

"त्या दिवशी दुपारी बापाचा डबा घेऊन तूच आला होतास ना? गाडी कुठं लावली?"

"इथंच जी. वळवाले जागा नोती तं मागं घेतली, पुंजन्यापरेंत. सेल्फ उचलत नोता म्हणून बंद नाई केली. बा जेवले, मी दहा मिनिटं बसलो."

"निघताना?"

"रेस देऊन सोडली तं दोनदा फटाका झाला. बा हासले. म्हणे, अजून दिवाळी सरली नाई काय बे तुही?" तो हसायला लागला आणि हसता हसता थांबला. त्यानं व्हॅनच्या मागच्या नळीकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या काळ्या वर्तुळाकडे. सडकेच्या बाजूला, खालून.

मी त्याला सगळं सांगितलं. जाळी, फट, बारा पूर्णांक पाच, प्रफुल्लनं ऐकलेले फटाके, तळाच्या तणसात अर्धा तास धुमसत राहिलेली ठिणगी. माझं वाक्यही सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. बोलला तेव्हा एकच गोष्ट.

"मंग बानं बिडी ओढली नोती."

"नाही."

"अन् त्यायले मायित होतं." त्यानं जमिनीवरच्या काळ्या खुणेकडे बोट केलं. "गाडी उभी होती तिथूनच धूर निघाला, बानं पाह्यलं. म्हणून दवाखान्यात पयले गाडीचं इचारलं. मायनं हो घरी हाये म्हटलं अन्..."

अन् देवाजीनं पोलिसाला बिडी सांगितली. नातीच्या डोक्यावर हात ठेवून पाळलेली शपथ त्यानं मोडली नव्हती, पण मुलासाठी ती मोडल्याचं नाव मात्र स्वतःवर घेतलं होतं.

मंगेश राखेत बसला आणि डोकं जमिनीला टेकवून मोठ्यानं रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "देवाजीची इच्छा होती की हे कोणाले कळू नये. तू म्हणशील तं माह्या तोंडून निघणार नाही. वहिनीले डबीचं कळलंच आहे, तेवढ्यानं भागेल."

माझ्या मनातून मला तेच हवं होतं. त्यात मीही सुटत होतो.

मंगेशनं तोंड पुसलं. "उद्या सकाळी या गाडीत दहा पोट्टे बसते जी. अन् विक्कीनं नऊ गाड्या केल्या म्हणता. साऱ्या सडकेनं पुंजनेच पुंजने हायेत." तो उठला. "गाडी इथंच राहू द्या. चालत जाऊ. आधी घरी, मंग ठाण्यात."

"मीही येतो ठाण्यात," मी म्हटलं. "माझंही नाव लिहू दे."

घरी रुखमिणी वहिनी तांदूळ निवडत होत्या. मंगेश त्यांच्या पायांशी बसला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. वहिनींच्या हातातलं सूप खाली गेलं. त्यांनी त्याला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. नुसत्या त्याच्या केसांतली राख बोटांनी काढत राहिल्या.

"डबा तं मीच देल्ला होता तुह्या हाती," त्या म्हणाल्या. "ताजी भाजी हाये, गरम गरम नेऊन दे म्हटलं."

उर्वशी खांबापाशी उभी राहून ऐकत होती. मंगेशनं तिला बोलावलं. तिची वही घेतली, शेवटचं पान उघडलं आणि तिच्याच खोडरबरानं लाल फुल्या खोडू लागला. शाई जाईना, कागद फाटायला आला.

"तुहे भागाकार बरोबर होते बाई," तो म्हणाला. "मीच चुकलो. आबानं बिडी नोती ओढली. तुही शपथ त्यायनं पाळली."

उर्वशीनं पहिल्यांदा फोटोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पण मंग आबा खोटंच बोलले ना?"

"हो," मंगेश म्हणाला. "एकदाच बोलले. माह्यासाठी."

तिनं डबीतला तो काळा गोळा उचलला, फ्रॉकला पुसला आणि फोटोसमोर ठेवला.